चुलीतील राख : श्रावकाचार आणि दक्षता

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर ‘चुलीतील राख’ हा विषय मांडला जावा, याचे काहींना नवल वाटणे स्वाभाविक आहे. अशा प्रसंगी दानधर्माचा, शिक्षणाचा, तीर्थरक्षणाचा विचार व्हावा. राखेसारख्या क्षुद्र वस्तूला तेथे स्थान कसले? परंतु ज्या धर्माने चालणे, बोलणे, आहार घेणे, वस्तू उचलणे-ठेवणे आणि टाकाऊ वस्तूचे विसर्जन करणे या पाच नित्याच्या क्रियांना ‘समिती’ म्हणून साधनेत मानाचे स्थान दिले, त्या धर्माच्या अनुयायांना राख कोठे व कशी टाकावी हा प्रश्न क्षुद्र वाटण्याचे कारण नाही. पाचवी उत्सर्ग समिती हीच मुळी टाकण्याच्या क्रियेविषयी आहे. ती मुनींसाठी सांगितलेली असली, तरी गृहस्थाने आपल्या शक्तीनुसार तिचा अभ्यास करावा, अशीच पूर्वाचार्यांची दृष्टी होती.

घरोघरी गॅस आला आणि चूल इतिहासजमा झाली, असा एक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू झाला, उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली. तरीही खेड्यापाड्यांतील असंख्य घरांत आजही चूल पेटते. शेतावरच्या वस्तीत ती आहे, गुऱ्हाळाच्या चुलवाणात ती आहे, अंघोळीच्या पाण्याच्या बंबात ती आहे. लग्नकार्यात, स्वामीवात्सल्यात आणि पर्वाच्या सामुदायिक पारण्यात मोठी भांडी बहुधा लाकडाच्या भट्टीवरच चढतात. चूल पेटवताना सर्वांचे लक्ष असते. पंगत उठली, भांडी घासून झाली, मंडप सुटू लागला, की चुलीकडे पाहणारा कोणी उरत नाही. नेमका त्याच वेळी धोका सुरू होतो.

राख म्हणजे विझलेला अग्नी, हा सर्वसामान्य समज येथे घातक ठरतो. ‘राख’ हा शब्द संस्कृत ‘रक्षा’ या शब्दापासून आला आहे. आणि खरोखरच राख ही विस्तवाची राखण करते. पूर्वीच्या काळी काडेपेटीची चैन नव्हती, तेव्हा रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवीत आणि पहाटे राख बाजूला सारून त्याच विस्तवावर चूल पेटवीत. म्हणजे राखेत अग्नी रात्रभर जिवंत राहतो, हे प्रत्येक घरातील वृद्धेला ठाऊक होते. राखेच्या सूक्ष्म कणांमध्ये हवा अडकून राहते, त्यामुळे आतील उष्णता बाहेर पडत नाही. आणि निखाऱ्याला मिळणारा प्राणवायू बेताचाच असल्याने तो भडकत नाही, परंतु विझतही नाही. जाड थराखाली तो तीन-चार दिवसांपर्यंत धुमसत राहू शकतो. लाल निखाऱ्याचे तापमान ६०० अंश सेल्सियसच्याही वर असते. दिवसाच्या उजेडात मात्र त्यावर राखेचा पांढरा पापुद्रा असतो आणि पाहणाऱ्याला तो निखारा दिसतच नाही.

मराठी माणसाने ‘आगीतून निघून फुफाट्यात पडणे’ अशी म्हण केली, ती उगीच नव्हे. आग दिसते, म्हणून मनुष्य तिच्यापासून दूर राहतो. फुफाटा दिसत नाही, म्हणून तो त्यात पाय ठेवतो.

याही पुढे जाऊन एक गोष्ट सांगितली पाहिजे. दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात अग्निकायाचे प्रकार सांगताना अंगार, ज्वाला, उल्का यांच्याबरोबर ‘मुर्मुर’ असा एक प्रकार सांगितला आहे. मुर्मुर म्हणजे राखेत दडलेले अग्निकण. दिगंबर परंपरेतील मूलाचारातही तेजस्कायाच्या भेदांत मुर्मुराची गणना आहे. वरून शांत दिसणाऱ्या राखेतील अग्नी हा सजीव अग्नीच आहे, हे ज्या शास्त्रकारांनी स्वतंत्र नाव देऊन नोंदविले, त्यांच्या निरीक्षणाची सूक्ष्मता पाहून आदर दुणावतो. आजच्या अग्निशमन शास्त्राची राखेविषयीची पहिली सूचना हीच आहे : राख कितीही थंड दिसो, तिच्यात निखारा आहे असे समजूनच तिला हात लावावा.

दुर्लक्षाचे परिणाम

राखेपासून होणाऱ्या अपघातांचे प्रकार ठरलेले आहेत. सायंकाळी चुलीतील राख उकिरड्यावर टाकली जाते. रात्री वारा सुटतो. शेजारच्या कडब्याच्या गंजीला आग लागते. मंडपामागे भट्टीची राख पसरून टाकली जाते. दुसऱ्या दिवशी खेळणारे मूल अनवाणी त्यातून धावते आणि दोन्ही तळपाय भाजून घेते. राख प्लास्टिकच्या बादलीत किंवा पोत्यात भरून भिंतीशी ठेवली जाते; बादली वितळते, पोते पेटते. घंटागाडीत गरम राख ओतली जाते आणि एका निखाऱ्याने गाडीतील कागद-कचरा धुमसू लागतो. थंडीच्या दिवसांत ऊब राहावी म्हणून निखाऱ्यांचे घमेले किंवा शेगडी बंद खोलीत ठेवली जाते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेली माणसे झोपेतच जातात.

या अपघातांत भाजणारे कोण, याचाही विचार झाला पाहिजे. चूल पेटविणारा यजमान भाजत नाही. भाजते ती पहाटे चूल सारवायला बसलेली गृहिणी, भांडी घासायला आलेली बाई, मंडपाचे बांबू काढणारा मजूर, कचरा वेचणारे मूल, सफाई कामगार. आणि ज्यांना तक्रारही करता येत नाही असे मुके जीव. ज्याने अग्नी पेटविला त्याची जबाबदारी ज्वाला शांत होताच संपते, असे मानणे म्हणजे वर्षअखेरीस शिल्लक पुढे न ओढताच खाते बंद करण्यासारखे आहे. लाकूड आणले, जाळले, अन्न शिजले. परंतु राख सुरक्षित जागी जाईपर्यंत ते खाते उघडेच असते.

समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांत ‘प्रमादचर्या’ हा एक आहे. प्रयोजनाशिवाय भूमी खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटविणे, वनस्पती तोडणे यांचा त्यात समावेश होतो. स्वयंपाकासाठी अग्नी पेटविणे गृहस्थाला टाळता येत नाही. ती आरंभी हिंसा आहे आणि तिच्याविषयी मनात खेद असावा. परंतु बेफिकिरीने टाकलेल्या राखेमुळे होणारी हिंसा कोणत्याही प्रयोजनाची नाही. तिने अन्न शिजत नाही, थंडी जात नाही, कोणाचे पोट भरत नाही. ती केवळ प्रमाद आहे आणि म्हणूनच ती संपूर्णपणे टाळता येते.

राख काढण्याची रीत

राख काढण्यापूर्वीच काळजीला आरंभ होतो. जेवढा स्वयंपाक तेवढेच सरपण घालावे. शेवटचे लाकूड चुलीतच पूर्ण जळून जाईल असा अंदाज ठेवावा. गरजेपेक्षा अधिक लाकडे घालून मग ती जळती ओढून काढणे आणि त्यांवर पाणी ओतणे, यात सरपणही वाया जाते आणि अनेक जीवांची विराधना होते. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी स्वयंपाकघर आवरते, तेथे चुलीला आपोआप रात्रभराची विश्रांती मिळते आणि राख काढण्याचे काम सकाळच्या स्वच्छ उजेडात करता येते. चौविहाराच्या नियमाचा हा एक व्यावहारिक लाभ आहे.

सकाळी चुलीला हात घालण्याआधी दोन क्षण थांबून आत पाहावे. थंडीत मांजरीची पिल्ले उबेला चुलीत येऊन झोपतात. मुंग्या, झुरळे, रातकिडे यांनाही ती ऊब आवडते. पुंजणीने किंवा मऊ कुंच्याने कडा हलकेच झाडून घ्याव्यात, म्हणजे जीव आपोआप बाजूला होतात. बंबाच्या खालच्या जाळीत आणि वैलाच्या पोकळीतही डोकावून पाहावे.

राख लोखंडी खुरप्याने किंवा पळीने, सावकाश काढावी. ती उंचावरून ओतू नये, पंखा चालू असताना काढू नये. कारण राखेचा बारीक कण डोळ्यांना व श्वासनलिकेला झोंबतो. तोंडावर सुती फडके बांधावे. मुखवस्त्रिकेची सवय असलेल्या समाजाला हे सांगावे लागू नये. पायांत पादत्राण असावे. कपडे सुती आणि अंगाबरोबर असावेत, पदर खोचलेला असावा. नायलॉन, पॉलिस्टर यांसारखी कृत्रिम धाग्याची वस्त्रे उष्णतेने वितळतात आणि त्वचेला चिकटतात. सुती वस्त्र पेट घेते, परंतु वितळून कातडीला चिकटत नाही. चुलीजवळ कोणते वस्त्र नेसावे, याचा निर्णय किमतीवरून नव्हे तर धाग्यावरून करावा.

चुलीतील सर्व राख खरवडून काढण्याचे कारण नाही. मातीच्या चुलीच्या तळाशी बोटभर थर राहू दिला, तर तळ तडकत नाही आणि आचही टिकते. मात्र राख साचून हवेचा मार्ग अडला, तर लाकूड नीट जळत नाही, धूर वाढतो आणि तो धूर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या छातीत जातो. म्हणून राख नियमितपणे काढणे हेही आरोग्यरक्षणच आहे.

काढलेली राख ठेवण्यासाठी घट्ट झाकणाचा लोखंडी किंवा पत्र्याचा डबा असावा. प्लास्टिक, पुठ्ठा, गोणपाट आणि लाकडी खोके ही या कामी सर्वथा वर्ज्य होत. ॲल्युमिनियमचे भांडेही नको. ओल्या राखेतील क्षार त्याला खाऊन टाकतो. डबा दगडावर किंवा फरशीवर, घराबाहेर ठेवावा. घराची भिंत, कडबा, गोवऱ्यांची रास, सरपण आणि गॅसचे सिलिंडर यांपासून तो निदान दहा फूट दूर असावा. झाकण लावल्याने तीन गोष्टी साधतात : हवा न मिळाल्याने निखारा आपोआप शांत होतो, वाऱ्याने ठिणगी उडत नाही, आणि कोणताही जीव आत पडत नाही.

डबे दोन ठेवणे उत्तम. एक भरला की तो चार दिवस झाकून बाजूला ठेवावा व त्या काळात दुसरा वापरावा. थंड झालेल्या जुन्या राखेवर आजची गरम राख ओतली, तर सर्वच राख पुन्हा नव्याने संशयास्पद होते. मग दिवस मोजण्याला अर्थ राहत नाही.

राखेवर पाणी ओतून ती विझवावी, असा सल्ला पुष्कळजण देतात. घरगुती चुलीत तो योग्य नव्हे. तापलेल्या निखाऱ्यांवर पाणी पडताच वाफेसह गरम राखेचा लोट उसळतो आणि ओतणाऱ्याचा चेहरा व हात भाजतो. मातीची चूल तडकते. वाहणारे क्षारयुक्त पाणी जमिनीवरील सूक्ष्म जीवांचा नाश करते. जेथे झाकणाने काम होते, तेथे पाण्याचा आरंभ कशाला करावा? तथापि राखेतून प्रत्यक्ष आग भडकली असेल आणि माणसांचे वा जनावरांचे प्राण धोक्यात असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता पाणी, माती, जे हाताशी असेल ते वापरून आग विझविणे हेच कर्तव्य होय. अशा वेळी अप्कायाचा विचार करीत उभे राहणे हा धर्म नव्हे.

राखेचा सदुपयोग

वाळलेल्या लाकडाच्या वजनाच्या साधारणपणे शेकडा एक ते दोन भाग इतकीच राख उरते. गोवऱ्यांची त्याहून कितीतरी पटींनी अधिक. या राखेत चुन्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते, त्याखालोखाल पालाश आणि थोडे स्फुरद असते. नत्र मात्र धुराबरोबर निघून गेलेले असते. राख भिजविलेल्या पाण्याचा सामू बहुधा १० ते १२ च्या दरम्यान असतो, म्हणजे ते चांगलेच तीव्र क्षारधर्मी असते. ‘पोटॅश’ हा शब्दच मुळी भांड्यात आटविलेल्या राखेवरून आला. अमेरिकेने १७९० मध्ये दिलेले पहिले पेटंट राखेपासून पोटॅश करण्याच्या कृतीचे होते, आणि हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८०७ मध्ये याच क्षारातून पोटॅशियम हे मूलद्रव्य वेगळे केले. १७९९ मध्ये ब्लिचिंग पावडर निघाली, त्यापूर्वी कोऱ्या मांजरपाटासारखे कापड पांढरेशुभ्र करण्यासाठी राखेच्या किंवा सज्जीखाराच्या पाण्याचाच आधार होता. ज्या वस्तूवर एके काळी वस्त्रव्यवसाय उभा होता, ती टाकाऊ म्हणता येणार नाही.

घरात राखेचा पहिला उपयोग भांडी घासण्यासाठी होतो. राखेतील क्षार तेला-तुपाचा ओशटपणा काढतो आणि पाणीही कमी लागते. राखेने घासलेल्या भांड्यांचे धोवण काही परंपरांत साधु-साध्वींना प्रासुक पाणी म्हणून वहोरविले जाते. केशलोचाच्या वेळीही केसांवर पकड यावी म्हणून राखच वापरतात. म्हणजे संयमी जीवनाच्या कठोर प्रसंगीही राखेची सोबत आहे. मात्र रोज उघड्या हातांनी ओली राख वापरल्यास हातांना भेगा पडतात, हे लक्षात ठेवावे.

मूग, चवळी, तूर यांच्या बियाण्यात चाळलेली राख मिसळून ते साठविण्याची चाल जुनी आहे. राखेमुळे दाण्यांमधील फटी बुजतात आणि भुंग्याला हिंडता येत नाही, अंडी घालता येत नाहीत. परंतु किडा आधीच लागलेल्या धान्यात राख घातली, तर ते जीव कोरडे पडून मरतात. म्हणून धान्य प्रथम उन्हात वाळवून, पाखडून, जीवरहित झाल्याची खात्री करून मगच राख मिसळावी. उपयोग तोच, परंतु क्रम बदलला की रक्षणाची हिंसा होते.

शेतीसाठी राख वापरताना जमिनीचा पोत पाहावा. कोकणातील जांभी जमीन आम्ल असते. तेथे राखेने आम्लता कमी होते आणि पालाशही मिळते. भाताच्या रोपासाठी राब भाजण्याच्या तेथील प्रथेने राख आपोआपच मातीत मिसळते. देशावरील काळी, चुनखडीयुक्त जमीन मात्र मुळातच क्षारधर्मी असते. तेथे ढीगभर राख घालणे अपायकारक होय. तेथे ती थोडी थोडी, पुष्कळ क्षेत्रावर विरळ पसरावी. युरिया किंवा अमोनियम सल्फेट या खतांत राख मिसळू नये. नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते व खताचे पैसे फुकट जातात.

येथे एक सावधगिरी सांगणे अगत्याचे आहे. वर सांगितलेले सर्व उपयोग शुद्ध लाकडाच्या किंवा गोवरीच्या राखेचे आहेत. रंग दिलेली फळकुटे, प्लायवुड, प्लास्टिकच्या पिशव्या, चकाकत्या वेष्टनांचे कागद चुलीत जाळले, तर धूर विषारी होतो आणि राखेत शिशासारखे घातक धातू उतरतात. अशी राख भांड्याला, धान्याला किंवा शेताला लावण्यायोग्य राहत नाही. मंगलकार्यानंतर मंडपातील कचरा भट्टीत ढकलण्याची सवय यासाठी सोडली पाहिजे.

उपयोग करूनही जी राख उरेल, तिच्या विसर्जनासाठी उत्सर्ग समितीचा विवेकच मार्गदर्शक आहे. जागा उघडी व सपाट असावी. तेथे बिळे, वारुळे, हिरवळ नसावी. पाहून, झाडून मग राख विरळ पसरावी. विहीर, ओढा, तलाव, गटार यांत ती टाकू नये. क्षाराने पाण्यातील जीव दगावतात. झाडाच्या बुंध्याशी ढीग करू नये. शहरात ती घंटागाडीत द्यावयाची झाल्यास चार दिवस थंड झालेलीच द्यावी, आणि आत राख आहे हे कामगाराला तोंडी सांगावे. एवढ्या एका वाक्याने त्याचे हात वाचतात.

संस्थांसाठी

घरापेक्षा भोजनशाळेचा प्रश्न मोठा आहे, कारण तेथे जबाबदारी वाटली जाते आणि वाटलेली जबाबदारी बहुधा कोणाचीच राहत नाही. पंगतीच्या कामांच्या यादीत वाढपी असतात, पाण्याची व्यवस्था असते, पादत्राणांची राखणही असते. राखेचे नाव कोठेही नसते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने पुढील चार गोष्टींचा संकल्प व्हावा.

पहिली : भोजनशाळेत आणि भाड्याने दिल्या जाणाऱ्या कार्यालयात झाकणाची दोन लोखंडी पिंपे कायमची ठेवावीत. दुसरी : प्रत्येक कार्यक्रमात भट्टीच्या राखेची जबाबदारी एका कार्यकर्त्याच्या नावाने लिहून ठेवावी, आणि राख पिंपात गेल्याशिवाय त्याने घरी जाऊ नये. तिसरी : भट्टीसाठी खणलेला चर माती टाकून बुजवून निघून जाऊ नये. मातीखालचे निखारे राखेखालच्या निखाऱ्यांसारखेच जिवंत राहतात. तो चर दोरी बांधून चार दिवस राखावा. चौथी : राख काढणाऱ्या सेवकाला जाड पादत्राणे, हातमोजे व फडके संस्थेने द्यावे. सर्वांचे जेवण झाल्यावर शेवटी जेवणारा हा माणूस त्या पुण्यकार्यात इतरांइतकाच सहभागी आहे.

मंदिरातील धूपदानालाही हाच नियम लागू होतो. धूपाचा निखारा लहान असतो, परंतु त्याच्याजवळ वस्त्रे, चवऱ्या, पडदे आणि लाकडी पाट असतात. धूपाची राख त्याच दिवशी केराच्या टोपलीत न टाकता झाकणाच्या छोट्या डबीत ठेवावी.

बंधू-भगिनींनो, अहिंसेचा विचार मोठ्या प्रसंगी सर्वांना सुचतो. आचरणात ती उतरते ती मात्र पाणी गाळताना, धान्य निवडताना, दिवा झाकताना आणि राख काढताना. पन्नास वर्षांपूर्वी ज्या वडीलधाऱ्यांनी या संस्थेची उभारणी केली, त्यांच्या घरांत ही दक्षता आई-आजीच्या हातून न बोलता पुढच्या पिढीकडे जात असे. आज चूल कमी झाली आणि तिच्याबरोबर ते ज्ञानही विरळ झाले. म्हणून आता ते बोलून सांगावे लागते. मुर्मुर या एका शब्दाचे स्मरण जरी प्रत्येक घरात राहिले, तरी पुष्कळसे पाय, पुष्कळसे हात आणि असंख्य मुके जीव पोळण्यापासून वाचतील.

जय जिनेंद्र.